पेटीतला खटका

१

कुलूप निघालं, झाकण वर झालं आणि पहिल्यांदा बाहेर आला तो एक हात. पुढच्या रांगांतल्या लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. रक्त त्यांना खेळातलंच वाटलं.

खेळ तसा साधा होता. हातपाय बांधलेली बाई पेटीत जाते, पेटीला कुलूप लागतं, किल्ली प्रेक्षकांतल्या कुणाच्या तरी खिशात जाते आणि पेटीभोवती पडदा ओढला जातो. वाद्यं थांबतात तेव्हा तीच बाई प्रेक्षागृहाच्या मागच्या दारातून हसत चालत येते. जादूगाराची बायको कित्येक वर्षं अशी हसत चालत आली होती. त्या संध्याकाळी, मुक्कामाच्या शेवटच्या खेळाला, वाद्यं थांबली तरी मागच्या दारातून कुणीच आलं नाही. पेटीतून मात्र धपके ऐकू येऊ लागले.

आत बायको नव्हतीच. आत लेक होती. मंडळींत तिला सगळे चिमणी म्हणत. पत्ते तिच्या बोटांतून असे सरकत की पाहणाऱ्याने आपले खिसे चाचपावेत. आईच्या जागी आज चिमणी पेटीत जाणार, हे जादूगाराने ऐन वेळी रंगमंचावरूनच जाहीर केलं होतं. लोकांना धक्का देणं हाच त्याचा धंदा.

“बोटं मिटवणाऱ्या दोऱ्या तुटल्या होत्या. शिवल्या आहेत,” डॉक्टर म्हणाले. “घास तोंडात घालता येईल. पत्त्यांचं मात्र विसरा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जादूगार नाट्यगृहाच्या मॅनेजरबाईंसमोर उभा होता. हातात पोलिसांत द्यायचा तक्रार अर्ज होता. रात्रभर झोप नव्हती आणि मिशीला लावलेलं काळं उतरलं होतं.

“लंबूनेच केलंय,” तो म्हणाला. “परवाच माझ्याशी भांडला. ही पेटी एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल, असं माझ्या तोंडावर म्हणाला. पेटी उचलणारा तो, दोर बांधणारा तो, पडदा ओढणारा तो. खालच्या खोलीत कोंडून ठेवलाय त्याला. साक्षीदार म्हणून तुम्ही सही करा, बाई. संध्याकाळी त्याला चौकीत नेऊन सोडतो.”

लंबू म्हणजे त्याचा पट्टशिष्य. तिशी ओलांडलेला आणि दाराच्या चौकटीला सवयीने मान झुकवणारा. पेटी उघडून चिमणीला बाहेर काढायला सगळ्यांच्या आधी धावला होता तो हाच.

मॅनेजरबाईंनी अर्ज वाचला आणि घडी घालून परत केला. माणसाची परीक्षा त्या त्याच्या बोलण्यावरून करत नसत. तो कशावर खर्च करतो आणि कशावर हात आखडतो, एवढं पाहिलं की त्यांचं भागायचं. इतक्या वर्षांत त्यांनी नटांचे दौरे पाहिले, गवयांचे पाहिले, पुढाऱ्यांचेही पाहिले. न बघितलेल्या मालावर सही मात्र कधी केली नाही.

“उस्ताद, संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना?” त्या म्हणाल्या. “मग मला आधी पेटी बघू द्या.”

“पेटी?” जादूगार ताठ झाला. “आमच्यात जो पेटीत जातो तोच ती आतून उघडतो. मीसुद्धा बघत नाही.”

“म्हणूनच म्हणते. कुणीतरी बघायला हवी.”

२

ती पेटी बाईंना चांगली ठाऊक होती. डागडुजीनंतर नाट्यगृह पुन्हा उघडलं, त्या समारंभात उस्तादाने हौसेने त्यांनाच आत घातलं होतं आणि जमलेल्या पाहुण्यांना हसवलं होतं. आत जाण्याआधी उस्तादाच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, कानात सांगितलं होतं, “घाबरू नका हं. उजव्या मांडीशी हात न्या. चामड्याच्या अस्तराखाली पितळी खटका आहे. करंगळीने दाबलात तरी मागची फळी आपोआप बाजूला होते.” आणि झालीही होती, आवाज न करता. असं सुतारकाम बाईंनी नंतर कुठे पाहिलं नव्हतं. पेटी घडवणारा सुतार केव्हाच गेला होता. तेव्हा लोक म्हणायचे, एका पेटीच्या पैशांत उस्तादाने घर बांधलं असतं.

बाहेरून पेटी तीच दिसत होती. तोच निळा रंग, तेच सोनेरी सूर्य-चंद्र, प्रवासात पडलेले तेच ओरखडे. बाईंनी एका ओरखड्यावरून नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. ओरखडा रंगवलेला होता.

रखवालदाराला झाकण धरायला सांगून त्या आत शिरल्या. ह्या वयात गुडघे कुरकुरले, तेही रखवालदाराला ऐकू जाईल एवढे.

“बाई, सांभाळून हं. तुम्ही अडकलात तर पगार कोण देणार?”

“झाकण नीट धर, म्हणजे तो प्रश्न यायचा नाही.”

त्यांनी उजव्या मांडीशी हात नेला. चामडं नव्हतं. पितळ नव्हतं. नुसती फळी होती आणि तिच्या सांध्यावर ठोकलेला पत्र्याचा तुकडा. त्याची कड घासलेलीही नव्हती, कातरीने कापली तशीच सोडली होती. त्यावर काळपट डाग वाळले होते. अंधारात, बांधलेल्या हातांनी, खटका अडकलाय अशा समजुतीने चिमणीने त्याच फटीत बोटं घालून जीव खाऊन ओढलं असणार.

 मग बाईंनी उगीच, काही विचार न करता, डावा हात डाव्या मांडीशी नेला. बोटांना काहीतरी लागलं, ते अंगठ्याने जोर लावून दाबलं.

खट्. कर्रकर्र आवाज करत मागची फळी उघडली.

३

लंबू खालच्या खोलीत खुर्चीवर बसला होता. पाय कुठे ठेवावेत हे त्याला खुर्चीवर बसल्यावर कधीच कळत नसे. दार उघडल्यावर त्याने आधी विचारलं, “चिमणीचा हात?”

“शिवलाय. तुझं सांग. पेटी जीव घेईल असं का म्हणालास?”

“हलकी झालीय ती, बाई. ह्या मुक्कामाच्या आधी सामान चढवताना उचलली तेव्हाच कळलं. जुनी पेटी उचलायची म्हणजे कंबर कसावी लागायची. ही उचलली की डुगडुगते. उस्तादांना सांगितलं, तर म्हणाले, तुझ्या दंडात जोर आलाय. मी म्हटलं, एकदा उघडून बघा. त्यावर भडकले. मी पण भडकलो. बोललो ते बोललो.”

“तू स्वतः का नाही बघितलीस?”

लंबूने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी दुसऱ्याच्या देवघरात चपला घालून शिरायला सांगितलं होतं. “पेटी काकूंची. मी कशी उघडणार?”

“पेटीच्या आतलं चित्र, फोटो, काही आहे कुणाकडे?”

त्याने जरा घुटमळत फोन पुढे केला. “हे एवढंच. काकू चिमणीला शिकवत होत्या, तेव्हा मागची फळी काढून ठेवली होती. उस्तादांना सांगू नका.”

चित्रफितीत वहिनी पेटीत बसल्या होत्या आणि हसत हसत हात खाली नेत होत्या. डावा हात. खटका डाव्या मांडीशी.

“म्हणजे खटका आधीपासून डावीकडेच होता?” बाईंनी चष्मा पुसला.

“छे! हे आरशातलं आहे. आमची सगळी तालीम मोठ्या आरशासमोर चालते, लोकांना कसं दिसेल ते कळायला. मी आरशाकडेच फोन धरला होता. मागचं घड्याळ बघा ना, आकडे उलटे.”

आकडे खरोखर उलटे होते. बाईंनी फोन परत दिला. आता पेटीची गोष्ट त्यांना वाचता येत होती. बाहेरचं रूप जाहिरातीच्या फोटोंवरून उतरवलेलं, म्हणून सूर्य-चंद्र जागच्या जागी. आतलं काम ह्या चित्रफितीवरून, म्हणून उलटं. बनवणाऱ्याने खरी पेटी हातातच घेतली नव्हती, आणि घड्याळाकडे बघायचेही कष्ट घेतले नव्हते.

“हे तू कुणाला पाठवलंस?”

“कुणालाच नाही.”

तो जरा जास्तच पटकन बोलला. जादूगाराच्या हाताखाली इतकी वर्षं काढूनही ह्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं. बाईंना त्याची कीव आली आणि थोडी धास्तीही वाटली. कोठडीत जायला निघालेला माणूस कुणाला वाचवू पाहत होता?

४

स्वस्तातली नकली पेटी म्हटल्यावर कुणाच्याही डोळ्यांसमोर मामाच उभा राहिला असता. मामा म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ. मंडळींची सगळी खरेदी त्याच्याकडे. त्याने आणलेल्या छत्र्या ऊन असेपर्यंत टिकत. कबुतरांना तो असे दाणे आणी की कबुतरं टोपीतून बाहेर यायला नाखूश असत.

“मी?” मामा तिकीटखिडकीजवळच्या बाकावर उडालाच. “अहो बाई, मी काही स्वस्तात मिळवलं तर गप्प बसेन का? ह्या चपला बघा. दोन जोड एकाच्या भावात. तुम्ही विचारलंत का? नाही. तरी मी सांगितलं की नाही?”

बाईंना मान्य करावं लागलं. मामाचा कंजूषपणा हा मिरवायचा कंजूषपणा होता. ही पेटी मात्र कुणीतरी तोंड मिटून घेतली होती.

“काल पडद्यामागे तू कुठे होतास?”

“विंगेत, ताईच्या शेजारी. दाजींनी चिमणीचं नाव पुकारलं आणि ताई नटूनथटून उभी होती तशीच पुढे निघाली. मी तिचा दंड धरला. म्हटलं, एक दिवस पोरीचं कौतुक होऊ दे की, किती दिवस तूच पेटीत बसणार? तर ताईचा हात बर्फासारखा. नको, नको, एवढंच पुटपुटत होती. डोळे असे झाले होते की मलाच भीती वाटली.”

“साहजिक आहे. पेटीतून असे धपके ऐकल्यावर…”

“धपके नंतरचे, बाई. तेव्हा तर झाकणसुद्धा लागलं नव्हतं.”

बाई उठल्या. मामा बोलतच होता, पण त्यांना ते ऐकू येत नव्हतं.

अपघात होण्याआधीच जी घाबरली, तिला अपघात होणार हे माहीत होतं. आणि दुसरी गोष्ट तर इतकी उघड्यावर पडलेली होती की आतापर्यंत ती दिसली नाही ह्याची बाईंना लाज वाटली. पेटी हलकी झाली मुक्कामाच्या आधी. मुक्कामाचे सगळे खेळ, शेवटचा सोडून, सुरळीत झाले. म्हणजे जी बाई रोज त्या पेटीत शिरत होती, तिला खटका डावीकडे आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. लंबूने, मामाने, कुणीही पेटी गुपचूप बदलली असती, तर पहिल्याच खेळाला आरडाओरडा झाला असता.

आरडाओरडा झाला नव्हता.

५

वहिनी ग्रीनरूममध्ये चिमणीचं सामान आवरत होत्या. पत्त्यांचं टेबल, गुळगुळीत, मखमल लावलेलं. बिजागरी उघडली तरी चूं होत नव्हतं. नाण्यांची पेटी, रेशमी रुमाल, हाताच्या मापाने घडवलेली छडी. सगळं नवं आणि सगळं अव्वल. असा माल बनवणारे कारागीर बोटांवर मोजण्याइतके, आणि ते उधारी ठेवत नाहीत हे बाईंना ठाऊक होतं. वहिनींच्या पायातल्या चपलेचा पट्टा मात्र सेफ्टीपिनने धरलेला होता. त्यांच्या डाव्या अंगठ्याला पट्टी होती.

“अंगठ्याला काय झालं, वहिनी?”

“काही नाही हो. लागलं.”

“त्या खटक्याला जोर फार लागतो. मी आत्ताच दाबून आले.”

वहिनींच्या हातातला रुमाल खाली गळला. त्यांनी तो उचलला, झटकला, घडी घातली, पुन्हा उलगडली.

“लंबूने सांगितलं?”

“लंबू तुमचं नाव घ्यायला तयार नाही. संध्याकाळी त्याला चौकीत नेणार आहेत आणि तो तोंड उघडणार नाही. म्हणून मी आले.”

वहिनी टेबलाच्या कडेवर बसल्या. मग मात्र त्यांचं बोलणं सांडत गेलं. जुन्या जादूच्या वस्तू जमवणारा एक हौशी गृहस्थ होता. त्याला ती पेटी काचेच्या कपाटात ठेवायला हवी होती. त्याने देऊ केलेल्या पैशांत चिमणीचं सगळं सामान येत होतं.

“पोरीचा हात बघितलाय ना तुम्ही? बघितला होता ना? असल्या हाताला बाजारातली खडखडणारी टेबलं द्यायची? ह्यांना विचारलं असतं तर पेटी कधीच विकू दिली नसती. म्हणून गुपचूप दिली. चिमणीला सांगितलं, माझ्या माहेरच्या पैशातलं आहे. नकलेसाठी एक स्वस्तातला माणूस गाठला. पेटी त्याच्याकडे ठेवली असती तर ह्यांच्या लक्षात आलं असतं, म्हणून लंबूकडून ती चित्रफीत मागून पाठवली.”

“आणि पेटी उलटी आली.”

“हो. म्हटलं, दुरुस्त करून दे. तर म्हणाला, अख्खी मागची बाजू नव्याने करावी लागेल, वेगळे पैसे पडतील. मी म्हटलं, जाऊ दे. आत तर मीच जाणार. डाव्या हाताने शिकेन.” त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. “शिकले पण.”

“पत्र्याची कड तरी घासून घ्यायची, वहिनी.”

“त्या बाजूला मी हातच नेत नव्हते हो.”

 बाईंना एकच विचारायचं होतं आणि ते विचारण्याची इच्छा होत नव्हती.

“ओरडला का नाहीत?”

 “भरल्या प्रेक्षागृहात? पेटीचं गुपित? आमच्या घरात ताप असला तरी खेळ थांबत नाही. सासूबाई गेल्या त्या दिवशीही थांबला नाही. मी पाऊल टाकलं होतं, बाई. खरंच टाकलं होतं. मग वाटलं, चिमणी हुशार आहे, उजवीकडे नाही मिळालं तर डावीकडे चाचपेल. एवढं वाटेपर्यंत झाकण लागलं.”

खिडकीबाहेर कुणीतरी जाहिरातीचा फलक उतरवत होतं. खिळे उपसल्याचा आवाज येत राहिला.

“तुम्ही सांगता की मी सांगू?” बाईंनी विचारलं.

“मीच सांगते,” वहिनी म्हणाल्या. “पण तुम्ही या बरोबर. नाहीतर मी दारातूनच परत फिरेन.”

६

जादूगाराने सगळं ऐकून घेतलं.  रिकाम्या रंगमंचावर, नकली पेटीच्या शेजारी, तो एखाद्या हुकलेल्या खेळासारखा उभा होता.

“मला का नाही सांगितलंस?” तो शेवटी म्हणाला. आवाज चढवायचा त्याचा विचार होता, पण चढला नाही.

“तुम्ही मला सांगितलंत? चिमणी जाणार म्हणून?”

“तुला पण आश्चर्य वाटावं म्हणून…” एवढं बोलून तो थांबला. हातात अजून तक्रारीचा कागद होता. तो त्याने फाडला, पुन्हा फाडला आणि तुकडे कुठे टाकावेत हे न कळून मुठीत धरून ठेवले. लोकांसमोर असे तुकडे त्याने किती वेळा जोडून दाखवले असतील!

खालच्या खोलीत जाऊन त्याने लंबूसमोर हात जोडले. “चुकलो रे. घरी चल.”

लंबू उभा राहिला. छत ठेंगणं होतं, त्याची मान वाकलेलीच राहिली.

“उस्ताद, तुमचा राग नाही,” तो म्हणाला. “फक्त एक सांगा. काल संध्याकाळपासून आत्तापर्यंत एकदा तरी वाटलं का तुम्हाला, की लंबू असं करणार नाही?”

जादूगार हुशार माणूस होता. हजारो लोकांना त्याने गोड थापा मारल्या होत्या. ह्या वेळी त्याला एकही सुचली नाही, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

“मग मी येत नाही,” लंबू म्हणाला. “चिमणीला भेटून जातो.”

७

हॉस्पिटलच्या खोलीबाहेरच्या बाकावर मॅनेजरबाई बसल्या होत्या. काम संपलं होतं. सही करायला कागद उरला नव्हता. तरी त्या गेल्या नव्हत्या. दार अर्धवट उघडं होतं. आत वहिनी बोलत होत्या, न थांबता, खाली मान घालून. चिमणी उशीला टेकून ऐकत होती. पांढऱ्या गाठोड्यासारखा हात तिने पोटावर ठेवला होता.

वहिनींचं बोलणं संपलं. 

“बाबांनी लंबूला काय केलं?” चिमणीने विचारलं.

“कोंडला होता. आता सोडलाय. बाहेर उभा आहे.”

“त्याला आत पाठव.”

“चिमणे, मी…”

“आधी त्याला पाठव, आई. तुझं नंतर बघू. मला आत्ता नाही बघता येणार.”

लंबू मान वाकवून आत गेला. दार त्याने लावून घेतलं. वहिनी बाहेर येऊन भिंतीला टेकल्या, मग बाईंच्या शेजारी बाकाच्या टोकावर बसल्या. दोघींच्या मधे आणखी एक माणूस बसेल एवढी जागा त्यांनी मोकळी सोडली.

आतून आवाज येत नव्हता. वहिनी दाराकडे बघत होत्या. परिचारिका औषधांची गाडी ढकलत गेली तेव्हा त्यांनी पाय आत घेतले, आणि गाडी दूर गेल्यावरही तसेच ठेवले.

“स्वतःसाठी कधी चांगलं घेतलंच नाही हो मी,” त्या म्हणाल्या. “माझ्यापुरतं होतं ना ते. माझ्यापुरतं असलं की मला काहीही चालायचं.”

 मॅनेजरबाई मधल्या मोकळ्या जागेवर सरकून बसल्या.